शॉवरची भिंत: दिसते ती आणि न दिसते ती

न्हाणीघराच्या भिंतीवर लेख लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात टबातून बाहेर पडताना त्यांनी आधारासाठी टॉवेलचा दांडा धरला. दांडा दोन टाईल्ससकट हातात आला. नशीब म्हणून त्या टबाच्या कडेवर टेकल्या, पडल्या नाहीत. सावरल्यावर भिंतीवर टिचकी मारून म्हणाल्या, "अगं, ही भिंत पोकळ वाजतेय. आत ओल आहे."

त्यांचं खरं निघालं. आमचं घर 1986 सालचं. टाईल्स काढल्यावर मागचा बोर्ड ओल्या पुठ्ठ्यासारखा बोटाने आत गेला आणि लाकडावर काळी बुरशी दिसली. आपल्यापैकी अनेकांची घरं याच वयाची आहेत, म्हणून या दुरुस्तीत जे शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे टाईलमुळे पाणी अडतं हा गैरसमज आहे. टाईल्सच्या मधल्या सिमेंटच्या ग्राऊटमधून पाणी हळूहळू आत झिरपतंच. ते अडवायचं काम मागच्या थराचं. आमच्याकडे मागे हिरव्या कागदाचा जिप्सम बोर्ड होता. त्या काळी तो सर्रास वापरत. 2006 सालच्या आदर्श बांधकाम नियमावलीपासून टब-शॉवरच्या टाईलमागे तो चालत नाही. आता सिमेंट बोर्ड लावतात. तो पाण्याने कुजत नाही, पण पाणी त्यातून आरपार जाऊ शकतं. म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला जलरोधक लेप द्यावा किंवा मागे प्लॅस्टिकचा कागद लावावा. दोन्ही मात्र करू नयेत, कारण मध्ये अडकलेली ओल वाळत नाही. कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न विचारा, "टाईलच्या मागे काय लावणार?" गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा.

आता दिसणाऱ्या भिंतीकडे वळू. साधारण चार पर्याय आहेत.

सिरॅमिक आणि पोर्सेलिन टाईल: दोन्ही टिकाऊ. पोर्सेलिन जास्त घट्ट असते, ती स्वतःच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. कटकट असते ती ग्राऊटची. थोडं गणित करू. नेहमीचा टब 5 फूट लांब आणि अडीच फूट रुंद. तीन भिंती मिळून 10 फूट, टबाच्या वर 6 फूट उंची धरली तर 60 चौरस फूट. 4 इंची टाईल घेतली तर 540 टाईल्स लागतील, 12 बाय 24 इंचाची घेतली तर फक्त 30. घासायच्या फटी किती कमी होतात बघा! कापाकापीसाठी 10 टक्के जास्त, म्हणजे 66 चौरस फूट माल घ्यावा आणि उरलेल्या टाईल्स जपून ठेवाव्यात.

संगमरवर: दिसतो देखणा, आणि दुकानात माझाही पाय तिथेच अडला. पण लिंबू, व्हिनेगर, आम्लयुक्त क्लीनर यांनी त्याची चकाकी कायमची जाते. तो तेल शोषतो, हळदीने डागाळतो. ज्या घरात दिवाळीला तेल-उटण्याची अभ्यंगस्नानं होतात, त्यांनी दोनदा विचार करावा. सीलर लावला तरी तो पुन्हा पुन्हा लावत राहावा लागतो.

अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचे तयार पत्रे: स्वस्त, काम लवकर होतं, ग्राऊट नाही. त्यातल्या त्यात अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतं. खरखरीत पावडरने मात्र ओरखडे पडतात. "जुन्या टाईल्सवरच बसवून देतो" असं कोणी म्हटलं तर आधी भिंत कोरडी असल्याची खात्री करा. आमच्या भिंतीवर असा पत्रा चढवला असता तर आतली बुरशी वाढतच राहिली असती.

सॉलिड सरफेस: किचनच्या ओट्याला वापरतात तसल्या पदार्थाचे मोठे पत्रे. महाग, पण सांधे अगदी कमी आणि बारीक ओरखडे पॉलिश करून काढता येतात.

आम्ही 12 बाय 24 ची पोर्सेलिन घेतली. सासूबाईंना आंघोळीला बादली-तांब्याच लागतो आणि पाणी सगळीकडे उडतं, म्हणून टबाच्या बाहेर फूटभर भिंतीलाही लेप देऊन टाईल लावली.

सगळ्यात महत्त्वाचं काम भिंत बंद करण्याआधीचं. आधाराचे दांडे जिथे यायचे तिथे आतल्या खांबांमध्ये जाड लाकडी फळ्या ठोकून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. या लाकडाला खर्च अगदी किरकोळ येतो, पण भिंत बंद झाल्यावर तेच काम महागात पडतं. सार्वजनिक इमारतींच्या नियमांत दांडा जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर आणि 250 पौंड जोर सहन करणारा असतो. घरातही तेच माप धरावं. टॉवेलचा दांडा फक्त टॉवेलसाठी!

थोडं पैशांविषयी. घराचा विमा सहसा अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान देतो, वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याचं देत नाही. आम्हालाही दिलं नाही. म्हणून सुटलेलं ग्राऊट, टबाच्या कडेचं काळं पडलेलं कॉक वेळीच बदला. भिजलेली भिंत 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते, आणि घरात दमेकरी असेल तर तिचा त्रास होतो. परमिट लागतं का, ते गावाच्या ऑफिसात विचारा. घर 1978 च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाचं काम करण्याचं प्रमाणपत्र असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या. सगळ्या पावत्या फाईलला लावा. असा सुधारणेचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो आणि पुढे घर विकताना करपात्र नफा तेवढा कमी धरला जातो.

सासूबाई येत्या मे महिन्यात परत येत आहेत. दांड्यावर मी स्वतः लोंबकळून पाहिलंय! तुम्ही उद्या आंघोळीला जाल तेव्हा नळाच्या आजूबाजूला भिंतीवर एक टिचकी मारा. पोकळ आवाज आला, टाईल हलली, तर पाहुणे यायची वाट बघू नका.