कामचुकार नाही, आजारी आहे! क्रॉनिक फटिग सिंड्रोममध्ये शरीरात नेमकं काय बिघडतं?



आज विषय मार्जिनचा नाही आणि मार्केटिंगचाही नाही. आज मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. घरगुती फराळाचा व्यवसाय, दोन मदतनीस, ऑर्डर भरपूर. एकदा ताप येऊन गेला आणि त्यानंतर त्या पूर्वीसारख्या उभ्याच राहिल्या नाहीत. सहा-सात महिने तेच. मी त्यांना काय सांगितलं? "ताई, थकवा मनात असतो. पहाटे पाचला उठा, रोज तासभर चाला." त्यांनी मनापासून केलं आणि चौथ्या दिवशी अंथरूण धरलं. पुढे डॉक्टरांनी निदान केलं, क्रॉनिक फटिग सिंड्रोम. मग मी वाचायला बसलो. जे कळलं ते सांगतो.

साधा थकवा आणि हा आजार

दिवाळीच्या सीझननंतर आपण सगळेच थकतो. दोन दिवस झोप काढली की गाडी रुळावर येते. या आजारात झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता खूप घटलेली, झोपेने न जाणारा थकवा आणि श्रमानंतर त्रास वाढणं, ही तीन लक्षणं हवीतच. शिवाय विचार करताना डोकं जड होणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांपैकी निदान एक हवं.

यातलं 'श्रमानंतर त्रास वाढणं' हे सगळ्यात महत्त्वाचं. काम करताना कधीकधी ठीक वाटतं, पण फटका बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बसतो. सावकाराचं कर्ज घेतल्यासारखं आहे हे. आज पैसे हातात, उद्या व्याजासकट वसुली!

मग शरीरात बिघडतं काय?

१. सुरुवात बऱ्याचदा संसर्गाने होते. ऑस्ट्रेलियात डब्बो या गावाच्या परिसरात एपस्टाईन-बार विषाणू, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू या तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के रुग्णांमध्ये हा सिंड्रोम दिसला, जंतू कुठलाही असो. कोणाला होणार हे ठरलं ते मूळ आजार किती तीव्र होता त्यावरून, स्वभावावरून नाही. कोविडनंतरही अनेकांना असाच त्रास सुरू झाला.

२. पेशींचं ऊर्जाकेंद्र. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून ते ऊर्जा तयार करतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि आधी व नंतर स्नायूचे नमुने घेतले. २०२४ साली हे काम प्रसिद्ध झालं. व्यायामानंतर रुग्णांच्या मायटोकॉन्ड्रियाचं काम आणखी घटलं होतं आणि स्नायूंना इजाही दिसली.

३. रक्तप्रवाह आणि स्वायत्त मज्जासंस्था. उभं राहिलं की नाडी आणि रक्तदाब आपोआप सांभाळला जातो. अनेक रुग्णांमध्ये ही यंत्रणा नीट चालत नाही. उभं राहिल्यावर मेंदूकडे जाणारं रक्त निरोगी माणसापेक्षा जास्त घटतं. म्हणून काउंटरवर उभं राहताना चक्कर येते, हिशेबात चुका होतात.

४. रोगप्रतिकारशक्ती. विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशींची ताकद कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

५. जनुकं. ब्रिटनच्या 'डिकोडएमई' प्रकल्पाने १५ हजारांहून जास्त रुग्णांचा डीएनए तपासला. ऑगस्ट २०२५ च्या प्राथमिक निष्कर्षांत जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या, त्यांतल्या काही प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी निगडित आहेत.

आता एक सावधगिरी. 'हेच एकमेव कारण' असं कोणी छातीठोक सांगितलं तर थांबा. २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूवर असाच मोठा गाजावाजा झाला होता. २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला, कारण ती प्रयोगशाळेतली भेसळ निघाली. आजही निदान पक्कं करणारी एक रक्तचाचणी नाही.

अविश्वासाचं नुकसान

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास ३०० जण, बहुतेक तिथलेच कर्मचारी, अशाच आजाराने पडले. हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. तरी १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला सामूहिक हिस्टेरिया म्हटलं. रुग्ण बहुतांश स्त्रिया होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचाच एक भाग! पुढे कित्येक वर्षं रुग्णांना 'व्यायाम वाढवत न्या' असंच सांगितलं गेलं. शेवटी २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेणारी पद्धत वापरू नका, असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे ताईंना मी दिलेला सल्ला नेमका उलटा होता.

आपण काय करायचं?

- थकवा महिनोन् महिने टिकला तर आधी डॉक्टर. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, बी-१२, क्षयरोग, नैराश्य हे सगळं तपासायला हवं. यांवर उपचार आहेत.
- निदान झालं असेल तर ऊर्जेचं बजेट करा. रोजची शिल्लक किती ते ओळखा आणि त्याच्या आतच खर्च करा. बरं वाटलं म्हणून एका दिवसात आठवड्याचं काम उरकू नका.
- कामगाराला असा त्रास असेल तर बसून करायचं काम द्या, मधे विश्रांती द्या, वेळ बदलून द्या. एका स्टुलाने अर्धा प्रश्न हलका होतो.
- आणि 'मनावर घे' हे वाक्य बंद.

ताई आता आठवड्याला ठरावीक ऑर्डरच घेतात. मळणं-तळणं मदतनीस बघतात, त्या खुर्चीत बसून चव आणि हिशेब बघतात. धंदा छोटा झाला, पण चालू आहे. प्रेरणा देणं माझं काम आहे, पण रिकाम्या टाकीच्या गाडीला धक्का मारून ती किती लांब जाणार? आधी टाकी का रिकामी झाली ते बघू या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या!