मानवत, मार्गे तिसगाव

साखरेच्या बरणीला मोबाईल टेकवून ठेवलाय. काचेला आडवा तडा गेलाय आणि त्या तड्याच्या वर आशुतोष गोवारीकर कुणाची तरी झाडाझडती घेतोय. हा ऑक्टोबर 2024; ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका गेल्याच आठवड्यात आलीय. तिसगावच्या थांब्याजवळच्या या चहाच्या हॉटेलात चार डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलीत. मोबाईल विशीतल्या एका पोराचा. त्याच्या खांद्यावरून बघतोय तो ऊसतोडीचा मुकादम; हातात उचलीची वही, बोट पानात अडकवलेलं. दसरा आला, टोळ्या निघायचे दिवस जवळ आले, पण सध्या हिशेब थांबलाय.

“हे खरं झालंय का वो, तात्या?” पोरगा मान न वळवता विचारतो.

“झालंय म्हंजे! बहात्तरला. म्या तवा खडीला होतो.”

तात्या बाकड्यावर मांडी घालून बसलेत. खडीला, म्हणजे दुष्काळी कामावर. सगळा पाथर्डी तालुका तेव्हा रस्त्यावर आणि पाझर तलावावर राबत होता. मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि संध्याकाळी हजेरी. पलीकडे मराठवाड्यात पोरी मारतायत, ही बातमी त्यांच्यापर्यंत आली ती कारकुनाच्या पेपरातून. “बायांनी पोरं कामावर आणायची बंद केली. आन् घरी तरी ठिवायची कुणाच्या जिवावर?”

बातमी आली ती याच दिशेनं. समोरून जातो तो कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग. नगर, करंजीचा घाट, तिसगाव, पाथर्डी, मग माजलगाव, पाथरी आणि मानवत. आत्ताही एक मालट्रक कर्कश हॉर्न मारत तिकडंच निघालाय. धूळ आत येते, तशी हॉटेलवाल्या मावशी भज्यांच्या परातीवर पेपर टाकतात.

14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974. एवढ्या काळात मानवतमध्ये दहा खून झाले. पाच पोरी दहाच्या आसपासच्या, एक तर वर्षाचं लेकरू, बाकी चार बाया पस्तिशीच्या. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णींना धाडलं. 1968 साली मुंबईतल्या रामन राघव या खुन्याचा तपास ज्यांच्या देखरेखीखाली लागला, तेच हे. पडद्यावर गोवारीकर त्यांचंच काम करतोय.

पडद्यावर किंकाळी फुटते. मावशींची मुलगी मोरीपाशी ग्लास विसळतेय. तिचे हात थांबतात. वय असेल दहा-अकरा, शाळेचा फ्रॉक अजून अंगावर, पाठीवर साबणाचा फेस उडालेला. ती टाचा उंचावून बघायला लागते. मावशी झारा तसाच टाकून येतात, ओल्या बोटानं मोबाईलचा आवाज पार बंद करतात आणि परत कढईकडं जातात. पोरगा काही बोलत नाही. आता गोवारीकर नुसतेच ओठ हलवतोय.

आवाज गेला तशी तात्यांची मालिका सुरू होते. वाड्यातला पिंपळ, पिंपळावरचा मुंजा, बुडाशी गुप्तधनाचे हंडे, मूल होईना म्हणून झुरणारी बाई आणि कुवार पोरींचं रक्त मागणारा मांत्रिक. सांगताना ते हातानं हंड्याची उंची दाखवतात. खटल्यात सरकारी पक्षानं मांडलेली कहाणी जवळपास हीच होती, हे मान्य करायला हवं. फक्त तात्यांचे हंडे जरा मोठे आहेत.

“मग तिला फाशी झाली आसंल,” मुकादम म्हणतो.

“झाली ना. तिला बी आन् त्याला बी.”

इथं मला गप्प बसवत नाही. सत्र न्यायालयात ते दोघं, म्हणजे ती बाई रुक्मिणी आणि तिचा जोडीदार उत्तमराव बारहाते, दोषी ठरले होते खरे. पण शेवटी सुटले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा ते निर्दोष होते. कट त्यांनी रचला, असं सांगणारे मुख्यतः माफीचे साक्षीदार. स्वतः गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या शब्दाला दुसरीकडून टेकू मिळाल्याशिवाय त्यावर कुणाला दोषी धरू नये, असं न्यायालय म्हणालं. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. माफीच्या साक्षीदाराचा विषय निघाला की वकील आजही तो काढतात. मी हे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

चौघंही माझ्याकडं बघतात. कथा मी बिघडवलीय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतंय.

“सुटली म्हंजे काय, केलं नाय का तिनं?” पोरगा विचारतो.

“शाबित झालं नाही.”

“पारध्याची होती ती,” कोपऱ्यातून चौथा गडी म्हणतो. एवढा वेळ तो नुसता बशीतून चहा ओढत होता. पुढं काही बोलत नाही. त्याच्या मते पुरावा देऊन झालाय. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी पारध्यांच्या बाबतीत इथं चहाच्या घोटासरशी काम भागतं.

मुकादम वही मिटतो. “माझ्या टोळीत दोन कोयते त्यांचेच हायेत,” तो म्हणतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. “तीन वर्षं झाली. उचल बुडवून पळाले ते आपल्याच भावकीतले. नावं सांगू?”

कुणी सांगा म्हणत नाही. त्याचा हा राग न्यायाचा की हिशेबाचा, मला ठरवता येत नाही, बहुधा दोन्हीचा. पण मी दिलेल्या निकालापेक्षा त्याचंच म्हणणं जास्त लागू पडलंय, एवढं खरं. चौथा गडी बशी ठेवून बिडी शोधायला लागतो.

“आक्रीत नावाचा पिच्चर पण होता ह्याच्यावर,” तात्या विषय वळवतात. अमोल पालेकरांचा, 1981 चा. हे मात्र बरोबर आहे. पोरगा लगेच शोधायला लागतो, रेंज जाते, मोबाईल हातात धरून तो दारात जाऊन उभा राहतो.

बाहेरून नवीन गिऱ्हाईक आत येतं, बाकड्यावर टेकतं आणि काय चाललंय म्हणून विचारतं. तात्या त्याच्याकडं सरकतात.

“आरं, मानवतला एक वाडा होता. वाड्यात पिंपळ...”