गुडघ्याची गादी (भाग 9) : डागी कोषांचं काय?

मागच्या खेपेला ताटलीत वाढवलेल्या कूर्चापेशींपाशी, म्हणजे गुडघ्याच्या गादीच्या पेशींपाशी थांबलो होतो. आज लोणावळ्याला, रीग्रो कंपनीच्या प्रयोगशाळेकडे आणि तिच्या कूर्चापेशींच्या उपचाराला 2017 मध्ये मिळालेल्या परवानगीकडे जायचं होतं. ते पुढं ढकलतोय. औसा तालुक्यातल्या एका तुतीवाल्या वाचकानं विचारलंय : ‘सर, रेशमापासून गुडघा करतात असं वाचलं. मग आमचे डागी न् फुटके कोष तिकडं चालतील का? बाजारात कुणी हात लावत नाही.’ असा प्रश्न आला की मला लोणावळा दिसत नाही.

आधी हे बघू, की पेशीला रेशीम लागतंच कशाला. ताटलीच्या सपाट तळावर कूर्चापेशी पसरते, चपटी होते आणि आपलं काम विसरते. दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन सोडून पहिल्या प्रकारचं करायला लागते. ते व्रणाचं कोलॅजन; गुडघ्यात त्याचा टिकाव लागत नाही. 1982 मध्ये बेन्या आणि शाफर यांनी सशाच्या अशा बिघडलेल्या पेशी अगारोजच्या जेलीत सोडल्या, तर त्या पुन्हा गोल झाल्या आणि मूळ कामाला लागल्या. चहूबाजूंनी आधार मिळाला की पेशी ताळ्यावर येते, एवढं कळलं. पण नुसती जेली गुडघ्यात कशी टिकणार? साधं चालताना तिथं शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तेव्हा भार सोसेल, सच्छिद्र असेल आणि पेशींनी स्वतःची कूर्चा विणेपर्यंत विरघळणार नाही, असा सांगाडा हवा. तो देणाऱ्या पदार्थांत रेशीम मला सगळ्यांत आवडतं, आणि त्यात मराठवाड्याचा पक्षपात आहे हे मान्य.

कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं : आत फायब्रॉइन, वरून सेरिसिनचा डिंक. वजनात डिंक चौथाईच्या आसपास. पूर्वी रेशमी टाक्यांची काहींना ॲलर्जी यायची, त्यात या डिंकाचा मोठा हात मानतात. म्हणून तो आधी काढायचा. प्रयोगशाळेची प्रचलित कृती अशी : 5 ग्रॅम चिरलेले कोष, 2 लिटर उकळतं पाणी, त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडाच, आणि 30 मिनिटं. मग उरलेलं फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात 60 अंशांवर विरघळवायचं. पुढं पाण्यात ठेवून क्षार काढून टाकायचा. हाती येतं रेशमाचं पाणी. त्यात मिठाचे खडे घालून ते घट्ट करायचं, मग मीठ धुवून काढायचं. खड्यांच्या जागी छिद्रं राहतात. छिद्र केवढं हवं ते खड्याच्या आकारावरून ठरतं. मला ही युक्ती फार लाडकी आहे.

आता पत्राचं उत्तर. धागा शेवटी विरघळवायचाच आहे, तेव्हा तो अखंड असण्याची गरज नाही. पतंग बाहेर पडून फुटलेला कोष धागा उकलायला (रीलिंगला) कुचकामी, इथं चालू शकतो. डागी मात्र नाही. आत अळी मरून डाग पडलेला असेल, तर ते सगळं द्रावणात उतरतं. शिवाय औषधाच्या कामाला माल कुठल्या लॉटचा, कुठल्या अंडीपुंजांचा, कुठं वाळवला, याची नोंद लागते. आणि भावाचं म्हणाल तर आशा धरू नका. एका गुडघ्याला लागणारं रेशीम ग्रॅममध्ये मोजायचं. 2018 मध्ये जालन्याला कोषबाजार सुरू झाला आणि कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जायची आपली वारी कमी झाली. शेतकऱ्याच्या खिशाला खरा उपयोग त्याचा. ‘रेशमाचा गुडघा’ ही मथळेवाल्यांची करामत आहे.

मथळा सोडला तर काम मात्र चाललंय. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांचा गट रेशीम-जिलेटिनच्या शाईत पेशी मिसळून कूर्चा छापतो. पुण्यात एनसीएलमधल्या अनुया निसळ यांच्या कामातून सेरिजेन कंपनी उभी राहिली, पण तिचा रोख हाडातली पोकळी भरण्याकडे. हाडाला रक्तपुरवठा आहे, ते साथ देतं. कूर्चेला रक्तवाहिनीच नाही, म्हणून ती अवघड.

आणखी एक गोष्ट आपल्या तुतीवाल्यांना आवडणार नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल अशी एक तिकडी येते. पेशींना चिकटायला तीच जागा लागते. तुतीच्या रेशमात ती नाही. खरगपूरला सुभाष कुंडू यांनी टसरवर बरंच काम केलं. पण टसर लिथियम ब्रोमाइडला दाद देत नाही, म्हणून बऱ्याचदा थेट अळीच्या ग्रंथीतूनच प्रथिन काढावं लागतं. तुती की टसर, या पैजेचा निकाल अजून लागायचाय.

सांगाडा जमला तरी एक घोडं अडतंच : नव्या कूर्चेची कड जुन्या कूर्चेला नीट सांधत नाही. भोवतालच्या पेशी आपल्या जाळ्यात कोंडलेल्या असतात, त्या कडेपर्यंत येतच नाहीत. त्यावर मला खूप बोलायचंय, पण लोणावळा झाल्यावर.