कणा नसलेले प्राणी : शरीररचना ओळखा, मगच उपाय योजा

पेरणी साधावी, पाऊस वेळेवर पडावा, उगवणही एकसारखी व्हावी. आणि आठवड्याच्या आत एके सकाळी शेतात जाऊन पाहावे, तो तासच्या तास रोपे नाहीशी झालेली असावीत! २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अनेक सोयाबीन उत्पादकांवर हा प्रसंग ओढवला. शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे रातोरात फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली आणि शासनास या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली.

त्या दिवसांत एका गावच्या बैठकीत एक वयोवृद्ध शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, कपाशीवरचं औषध दोनदा मारलं. किडा काही मरंना. औषधच बनावट असंल."

मी म्हणालो, "आबा, औषध बनावट नसेलही. पण गोगलगाय हा किडाच नव्हे. मग किड्याचे औषध तिला कसे लागू पडावे?"

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. शेतात वळवळणारे, सरपटणारे जे जे लहान दिसेल त्याला आपण 'किडा' म्हणतो आणि एकाच डब्यातील औषध सर्वांवर फवारतो. या एका शब्दापायी शेतकऱ्याचा पैसा, वेळ आणि कधी कधी सारा हंगाम वाया जातो. म्हणून या प्राण्यांचे गट कोणते, त्यांच्या शरीराची ठेवण कशी असते आणि त्या ठेवणीवरून उपाय कसा ठरतो, याचा येथे थोडक्यात विचार करू.

बिनकण्यांचे मोठे कुळ

गाय, बैल, पक्षी, साप, बेडूक, मासा आणि माणूस यांच्या पाठीत कणा असतो. ज्यांना असा कणा नाही, त्यांना अपृष्ठवंशीय प्राणी म्हणतात. पृथ्वीवरील प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती या बिनकण्यांच्या आहेत. शास्त्रज्ञांनी शरीररचनेवरून त्यांचे निरनिराळे संघ पाडले आहेत. त्यांपैकी शेतकऱ्याचा रोजचा संबंध मुख्यतः चार संघांशी येतो : सूत्रकृमींचा गोलकृमी संघ, गांडुळांचा वलयी संघ, गोगलगायींचा मृदुकाय संघ आणि कीटक, कोळी, खेकडे यांचा संधिपाद संघ. स्पंज, जेलीमासा, पोवळे यांचे संघ प्रामुख्याने समुद्रातले आहेत. पाचव्या एका संघाचा मात्र मी मुद्दाम उल्लेख करणार आहे. कारण तो आपल्या शेतात कधीच आढळत नसला, तरी त्यापासून मिळणारा धडा थेट शेतीचा आहे.

तारामाशाने शिकविलेला धडा

हा संघ कंटकचर्मी प्राण्यांचा. तारामासा, भंगुरतारा, काटेरी सागरी अर्चिन, समुद्रकाकडी आणि सागरी कमळ हे याचे पाच वर्ग. हे सर्व प्राणी केवळ समुद्रात राहतात. नदीत, विहिरीत अथवा जमिनीवर यांची एकही जात नाही. यांच्या कातडीत चुन्याच्या पट्टिका किंवा काटे असतात. शरीराची रचना बहुधा पाच भागांत विभागलेली असते. मध्यभागी चकती आणि तिच्याभोवती पाच भुजा, ही तारामाशाची ठेवण सर्वांच्या परिचयाची आहे. याच्या शरीरात पाण्याच्या नळ्यांचे जाळे असते व त्याला जोडलेले शेकडो सूक्ष्म नलिकापाद भुजांच्या खालच्या बाजूस असतात. या पायांनी कालवाचे दोन शिंपले धरून तारामासा ते ओढून किलकिले करतो, आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून त्या फटीत घालतो आणि आतील मांस तेथेच पचवितो.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर कालवांची शेती करणारे लोक पूर्वी या शत्रूला पकडून त्याचे तुकडे करीत आणि पुन्हा समुद्रात फेकून देत. शत्रू मारला, असा त्यांचा समज होई. परंतु मधल्या चकतीचा पुरेसा भाग ज्या तुकड्यास लागून राहिला असेल, त्यापासून नवा तारामासा वाढू शकतो. म्हणजे मारण्याच्या श्रमाने शत्रूची संख्या वाढण्याचीच सोय होत होती. पुढे हे लक्षात आल्यावर सुताचे झुबके समुद्रतळावरून ओढून तारामासे गोळा करणे, आणि त्याच्या नाजूक कातडीवर कळीचा चुना टाकणे, असे उपाय योजले गेले. प्राण्याच्या शरीराची रचना जाणल्यावाचून केलेला उपाय कसा उलटतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

गांडूळ : तुटले की दोन होत नाहीत

वरील हकिकत ऐकून कोणी म्हणेल, "मग नांगराने गांडूळ तुटले तर दोन गांडुळे होतात, हे खरेच की!" हा समज खेडोपाडी आढळतो, तो चुकीचा आहे. गांडुळाचे शरीर कड्यांचे बनलेले असते आणि मेंदू, हृदये, जननेंद्रिये हे महत्त्वाचे अवयव पुढील भागात असतात. तुटल्यावर पुढील भाग पुरेसा लांब असल्यास कधी कधी शेपटीकडचा भाग पुन्हा वाढतो. शेपटीकडील तुकडा मात्र सामान्यतः मरतो.

गांडुळास फुप्फुसे नाहीत. ते ओलसर कातडीवाटे श्वास घेते. म्हणून जमीन कोरडी व उघडी पडली की ते खोल जाते किंवा मरते. याच्या पोटात पेषणी असते. तीत माती व कुजका पालापाचोळा दळला जातो आणि विष्ठेच्या रूपाने उत्तम खत बाहेर पडते. चार्लस डार्विन या शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांचे जमिनीवरील उपकार जगापुढे मांडले. तेव्हा ओल टिकविणे, जमिनीवर पाल्याचे आच्छादन ठेवणे आणि अनावश्यक विषारी औषधे मातीत न टाकणे, एवढे केले तरी हा मजूर विनावेतन राबत राहील.

मुळांवरील गाठी : हितकारक की घातक?

गोलकृमी संघातील सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या अंगावर गांडुळासारख्या कड्या नसतात. शरीर दोऱ्यासारखे गुळगुळीत आणि दोन्ही टोकांस निमुळते असते. पिकांवर जगणाऱ्या जातींच्या तोंडात सुईसारखा काटा असतो. तो पेशीत खुपसून ते रस शोषतात. मूळगाठी करणाऱ्या सूत्रकृमीची पिल्ले मुळांच्या टोकांतून आत शिरतात. मादी तेथेच फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि शेकडो अंडी घालते. टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू, डाळिंब इत्यादी पिके यास बळी पडतात. झाडे खुरटतात, पाने पिवळी पडतात, भर दुपारी ओल असूनही माना टाकतात. आणि शेतकरी खतावर खत देत राहतो.

येथे एक खूण ध्यानात ठेवावी. सोयाबीन, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात, बोटाने सहज निघतात आणि कार्यक्षम गाठ फोडल्यास आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती वेगळी काढता येत नाही. पहिली गाठ मित्राची, दुसरी शत्रूची.

सूत्रकृमींवर पानांवरील फवारणी निरुपयोगी ठरते, कारण शत्रू मुळात दडलेला असतो. उन्हाळी खोल नांगरट, रोपवाटिकेची माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात तापविणे, निंबोळी पेंडीचा वापर, पिकांची फेरपालट, झेंडूची लागवड आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाठी नसलेली निरोगी रोपे, हाच मार्ग होय.

गोगलगाय : शंखात दडलेला शत्रू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आफ्रिकी शंखी गोगलगाय ही मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशात पसरत गेली. ती मृदुकाय संघातील प्राणी आहे. शरीर मऊ व सांध्यांवाचून असते. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात व लांब जोडीच्या टोकांस डोळे असतात. पोटाखालचा रुंद स्नायू हाच तिचा पाय. पाठीवरील आवरणातून चुन्याचा शंख तयार होतो. तिच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असून तिने ती पाने व कोवळे देठ खरवडून खाते.

तिची ही ठेवण ध्यानात घेतली की फवारणी का फसते, हे उमजते. दिवसा ती बांधाच्या कपारीत, दगडाखाली, पालापाचोळ्यात दडून बसते. आपण फवारतो तेव्हा ती तेथे नसतेच. शिवाय अंगावरचा चिकट स्राव आणि पाठीवरचा शंख तिचे रक्षण करतात. कोरड्या दिवसांत ती शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून महिनोन् महिने निपचित राहते आणि पावसाबरोबर जागी होते. प्रत्येक गोगलगायीत नर व मादी या दोघांचीही इंद्रिये असतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एका खेपेस शंभराहून अधिक, साबुदाण्यासारखी अंडी ती ओलसर मातीत घालते. पहिल्या पावसानंतर वेचलेली एक गोगलगाय म्हणजे पुढे होणाऱ्या शेकडोंचा बंदोबस्त होय.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी बांधालगत व शेतात ठिकठिकाणी अंथरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, साबणाच्या अथवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवून माराव्यात आणि खड्ड्यात पुराव्यात. उघड्या हातांनी त्यांस स्पर्श करू नये. त्यांच्या शरीरात माणसास अपायकारक कृमी असू शकतात. शेतात मीठ मात्र मुळीच फेकू नये, त्याने जमीन बिघडते. बांधाच्या आतून चार बोटे रुंद कोरड्या चुन्याचा पट्टा टाकावा. पावसाने तो धुपल्यास पुन्हा टाकावा. प्रादुर्भाव फार असल्यास मेटाल्डिहाइड २ टक्के गोळ्या एकरी दोन किलो या प्रमाणात बांधालगत व रोपांच्या ओळींमध्ये सायंकाळी पसराव्यात. हे विष मृदुकाय प्राण्यांसाठीच आहे. तथापि कुत्री, जनावरे, कोंबड्या यांना ते घातक असल्याने चार दिवस त्यांना शेतात येऊ देऊ नये. हे काम एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावरील गोगलगाय आज ना उद्या आपल्या शेतात येणारच. साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात वेचणी केली, तरच गुण येतो.

पाय मोजा

ज्याच्या पायांना सांधे आहेत आणि अंगावर कठीण कवच आहे, तो संधिपाद. हे कवच वाढत नाही, म्हणून प्राणी वेळोवेळी कात टाकतो. सहा पाय व शरीराचे तीन भाग असल्यास तो कीटक. आठ पाय असल्यास कोळ्यांच्या वर्गातला. दहा पायांचा खेकडा. प्रत्येक कडीस पायांच्या दोन जोड्या असल्यास वाणी म्हणजेच पैसा, आणि एकच जोडी असल्यास गोम. वाणी कोवळी रोपे कुरतडतो. गोम मात्र इतर किडे खाते.

पाय न मोजल्याची एक चूक माझ्याही हातून घडली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याने दूरध्वनीवर सांगितले की वांग्याची पाने तांबूस झाली असून त्यांवर बारीक जाळी दिसते. मी शेत न पाहता कीटकनाशकाची शिफारस केली. पंधरवड्याने शेतात गेलो, तो निम्मे पीक वाळलेले. भिंगाखाली पाहता पानामागे आठ पायांची लाल कोळी होती. मी सुचविलेल्या औषधाने त्या कोळीस खाणारे मित्रजीव मात्र मारले गेले आणि कोळीचे रान मोकळे झाले. तेथे हवे होते पाण्यात मिसळणारे गंधक किंवा खास कोळीनाशक. त्या शेतकऱ्याने मला शब्दानेही दोष दिला नाही. परंतु तेव्हापासून खिशात भिंग घेतल्यावाचून मी घराबाहेर पडत नाही.

कोकणातील भातखाचरांत मुठे, म्हणजे शेतातील खेकडे, बांधांना बिळे पाडतात व रोपे कापतात. मादीचे पोटाकडील झाकण रुंद, तर नराचे अरुंद असते. मादी अंडी व पिल्ले याच झाकणाखाली बाळगते. म्हणून पिल्ले सुटण्यापूर्वी रुंद झाकणाच्या माद्या पकडण्यावर भर दिल्यास पुढील उपद्रव कमी होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी ओळखीची कसोटी

शेतकऱ्याने नमुना आणल्यास पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. सांध्यांचे पाय आहेत काय? असल्यास मोजा. सहा असतील तर कीटक. आठ असतील तर कोळीवर्ग. अळीच्या बाबतीत सावध राहा : पुढचे सहाच पाय खरे असतात, मागचे मांसल पाय खोटे. माशीच्या अळीस तर पायच नसतात, तरी ती कीटकाचीच बाल्यावस्था होय.

२. पाय नाहीत, पण अंगभर कड्या आहेत व कातडी ओलसर आहे काय? ते गांडूळ. त्यास जपा.

३. अंग मऊ, चिकट व डोक्यावर शिंगे आहेत काय? ती गोगलगाय, पाठीवर शंख असो वा नसो.

४. काहीच दिसत नाही, पण मुळे सुजलेली आहेत काय? सूत्रकृमीचा संशय धरा व मुळांसह मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

या चार प्रश्नांना पाच मिनिटेही लागत नाहीत. चुकीच्या औषधाच्या एका फवारणीस मात्र मजुरीसह मोठा खर्च येतो, आणि गेलेला हंगाम तर कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तो प्राणी एका बाटलीत घालून आपल्या कृषी कार्यकर्त्यास दाखवा. बैठकीतील त्या आबांनी पुढच्या जूनमध्ये औषधाचा डबा आणला नाही. त्यांनी घरातील जुनी गोणपाटे काढली, गूळ भिजविला आणि शेजारच्या चार बांधांवरील शेतकऱ्यांनाही बोलाविले. त्या वर्षी त्यांना पेरणी एकदाच करावी लागली.