कॉफीच्या मशीनची सफाई : आधी हात सांभाळा

आरोग्याच्या पानावर कॉफीचे मशीन कशाला, असे काही वाचक विचारतील. वस्तीतल्या कितीतरी बहिणी सकाळी सोसायट्यांमध्ये भांडी-फरशीच्या कामाला जातात. तिथल्या काही ओट्यांवर आता एस्प्रेसोचे मशीन येऊन बसले आहे. भांडी आटोपता आटोपता "जरा तेही साफ करून ठेव" असे सांगितले जाते. कसे साफ करायचे ते कोणी सांगत नाही. मग वाफेने पोळलेली बोटे आम्हाला बघावी लागतात. आपल्याही काही घरांत कमावत्या मुलामुलींनी असे लहान मशीन आणले आहे. त्यांनीही हे वाचावे.

एस्प्रेसो म्हणजे दाबून काढलेली कॉफी. नावातच दाब आहे. मागच्या टाकीतले पाणी मशीन ९० ते ९६ अंशांपर्यंत तापवते आणि दांडीच्या गाळणीत ठासून भरलेल्या बारीक कॉफीतून साधारण ९ बार दाबाने पार करते. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जेमतेम १ बार दाब चढलेला असतो. बाजूला दूध फेसाळायची वाफेची नळी असते. तिच्यासाठी आतले पाणी शंभर अंशांच्याही वर जाते. वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते. कातडीला लागताच तिचे पाणी होते आणि होताना ती पोटातली सगळी उष्णता कातडीत सोडते.

म्हणून पहिला नियम : मशीन बंद, प्लग काढलेला आणि अंग गार झालेले असल्याशिवाय हात लावायचा नाही. बंद केल्यावरही ते बराच वेळ तापलेले राहते. वर कप ठेवायची पत्र्याची जागा आहे, तिथे आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. दांडी फिरवून काढण्याची घाई तर मुळीच नको. कॉफी अडकलेली असेल तर आत दाब कोंडलेला राहतो आणि दांडी सैल होताच गरम चोथा अंगावर उडतो. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढत नाही, तसेच हे.

आता खरी गोष्ट. वाफेची नळी ही या मशीनची सर्वांत घाण होणारी जागा आहे, आणि ती साफ करायची वेळ कामवाली येते तेव्हाची नसतेच. दूध फेसाळून झाले की नळी गार होताना उरलेले दूध आत ओढून घेते. ते तिथे शिजते, वाळते, आंबते. दुसऱ्या दिवशीच्या कपात तेच उतरते. उपाय दहा सेकंदांचा आहे : दूध बाजूला घेतल्याबरोबर ओल्या जाड फडक्याने नळी पुसायची आणि फडके टोकाखाली धरून दोन-तीन सेकंद वाफ सोडून द्यायची. हे काम कॉफी करणाऱ्यानेच तिथल्या तिथे करायचे आहे. सकाळी सातला प्यायलेल्या कॉफीचे दूध अकराला येणाऱ्या बाईने सुरीने खरवडावे, ही अपेक्षा चुकीची आहे; आणि खरवडून ते निघतही नाही. वाळलेच असेल तर गार मशीनच्या नळीला ओले फडके गुंडाळून ठेवावे, भिजले की पुसावे. टोकाची भोके बुजली असतील तर मालकांना दाखवावे. ती मोकळी झाली का बघायला तोंड जवळ नेऊन वाफ सोडू नये.

बाकी रोजचे काम भांड्यांसारखेच. चोथा ओल्या कचऱ्यात टाकावा. सिंकमध्ये टाकला तर पाईप तुंबतो आणि बोलणी आपल्याला बसतात. गाळणी आणि दांडीचे तोंड गरम पाण्याने धुवावे, कारण कॉफीला तेल असते आणि ते खवट होते. खालच्या ट्रेमधले पाणी रोज ओतावे, ट्रे साबणाने घासावा. दोन दिवस साचलेल्या ट्रेला बुळबुळीत थर येतो. टाकीतले शिळे पाणी ओतून टाकावे. दांडी बसते त्या गोल खाचेत रबराची रिंग असते, तिच्यात अडकलेले कण जुन्या टूथब्रशने काढावेत. मशीनचे धड नळाखाली कधीच धरू नये. आत वीज आहे. पिळलेल्या फडक्याने पुसायचे, एवढेच.

क्षार काढणे हे काम मात्र वेगळे आहे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने बादलीला जसा पांढरा थर धरतो, तसा मशीनच्या आतही धरतो. नळ्या अरुंद होतात, पाणी नीट तापत नाही. हा थर आम्लाने काढतात, बहुतेक वेळा सायट्रिक ॲसिडसारख्या सौम्य आम्लाने. पण कोणती पावडर, किती पाण्यात, ते प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळायचे. नंतर साध्या पाण्याच्या किमान दोन टाक्या आतून सोडायच्या. हे पाणी तयार करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले पोर सरळ तोंडाला लावते. आणि लवकर निघावे म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे द्रव घालू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात त्याने छाती भरते, श्वास कोंडतो. असे झालेच तर भांडे उचलत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत या. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या नळाखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

आमचे मत स्पष्ट आहे : क्षार काढणे मालकांनी करावे किंवा मेकॅनिकला बोलवावे. आपण सरळ सांगायचे, "वहिनी, बाहेरून पुसते, ट्रे-टाकी धुते. आतले औषधाचे काम मला शिकवलेले नाही, ते तुम्ही बघा." यात उद्धटपणा काही नाही. एकदा समोर उभे राहून दाखवायला सांगा, पुस्तिकेतल्या चित्रांचा फोटो मोबाईलमध्ये घ्या. मशीन आधीच गळत असेल तर काम सुरू करण्यापूर्वीच दाखवून ठेवा. नंतर पगारातून कापायची भाषा होते, तेव्हा हे बोलणे कामी येते.

भाजलेच तर बांगड्या, अंगठी लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत. भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. दोन मिनिटांनी आग थांबल्यासारखी वाटते म्हणून हात काढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. भाजलेली जागा स्वतःच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा बोटांभोवती पूर्ण वेढा असेल, कातडी पांढरी पडून बधिर झाली असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. उरलेली घरे सांगून सुट्टी घ्या. भाजल्या हाताने साबणाच्या पाण्यात आणखी तीन घरची भांडी घासली की चौथ्या दिवशी जखमेत पू होतो, तेव्हा आठवडाभर हात चालत नाही.