गेटमन नसलेले फाटक : मॉडेल रेल्वेतल्या दिव्यांची वेळ कशी बसवावी?

आपल्याकडे फाटक पडते ते गेटमनच्या हाताने, असेच चित्र आपल्या डोक्यात असते. ब्रिटनमध्ये मात्र अनेक क्रॉसिंगवर गेटमनच नसतो. गाडी जवळ आली की यंत्रणाच दिवे लावते आणि अर्ध्या रस्त्यापुरते दांडे खाली आणते. आधी पिवळा दिवा सुमारे ३ सेकंद, मग दोन लाल दिव्यांची आळीपाळीने उघडझाप, मग दांडे. अशा फाटकावर पिवळा दिवा लागल्यापासून गाडी येईपर्यंत किमान २७ सेकंद मिळायला हवेत.

या सेकंदांना किती किंमत आहे, ते स्टॅफर्डशरमधल्या हिक्सन गावी कळले. ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन मुंगीच्या पावलांनी जाणारे वाहन फाटकातून पुरते बाहेर पडायच्या आत एक्सप्रेस त्यावर आदळली. ११ माणसे गेली. तेव्हा इशारा मिळत होता २४ सेकंदांचा.

आता हेच फाटक घरच्या डबल-ओ मॉडेलवर मांडू. प्रमाण १:७६. ताशी ६० मैलांची गाडी मॉडेलवर सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर धावते. २७ सेकंदांत ती साडेनऊ मीटर जाईल! एवढी खोली कुणाकडे असते? म्हणजे वेळ कापावीच लागते. प्रश्न एवढाच, की कुठली?

प्रतीक्षा कापा, क्रम कापू नका. ताशी ३० मैलांची गाडी धरली, तर १० सेकंदांत ती पावणेदोन मीटर जाते. फाटकाच्या तेवढे आधी सेन्सर बसवा. मग पिवळा २ सेकंद, लगेच लाल, चौथ्या सेकंदाला दांडे हलू लागतील, सातव्याला खाली, दहाव्याला गाडी. लाल दिव्यांची उघडझाप मात्र कापायची नाही. ती बघणारा डोळा माणसाचाच आहे, तो ७६ पट लहान झालेला नाही. प्रत्येक दिव्याला अर्धा सेकंद देऊन सुरुवात करा.

तरीही दिवे खोटे वाटतात, कारण एलईडी क्षणात लागतो आणि क्षणात विझतो. जुन्या बल्बची तार तापायला आणि निवायला सेकंदाचा काही अंश घेते. म्हणून लागताना सुमारे ०.१५ आणि विझताना ०.२५ सेकंद प्रकाश हळूहळू बदला. खऱ्या फाटकावर एलईडी असतील, तर हे करायची गरज नाही.

इथे एक फसगत होते. आर्डुइनोवर तेज ० ते २५५ अशा आकड्यांत देतात, पण १२८ दिले तर दिवा निम्मा दिसत नाही, बराच जास्त दिसतो. मंद प्रकाशातले फरक आपल्या डोळ्यांना अधिक जाणवतात. निम्मा दिसायला साधारण ५६ पुरतात. म्हणून समान पायऱ्यांऐवजी ०, १२, ५६, १३५, २५५ अशा पायऱ्या घ्या आणि मधले आकडे त्याच चढाने भरा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवे घड्याळाने लावा, पण घड्याळाने विझवू नका. इथल्या वाहतूक नियमांप्रमाणे एक गाडी गेल्यावरही लाल दिवे चालू असतील, तर थांबायचे असते, कारण दुसरी येत असते. म्हणून दोन्ही रुळांची नोंद वेगवेगळी ठेवा आणि दोन्हींवरच्या गाड्यांचा शेवटचा डबा फाटकापलीकडे गेला, हे सेन्सरने सांगितल्यावरच दांडे उचला. ‘१५ सेकंदांनी बंद’ असे लिहिले, तर एखाद्या दिवशी दुसरी गाडी उघड्या फाटकातून जाईल.

टेबलावर त्याने काही बिघडणार नाही. पण शेजारी बसून बघणारे आपले मूल उद्या खऱ्या फाटकाशी उभे राहणार आहे. दिवे चालू असेपर्यंत थांबायचे, हे त्याला या खेळातूनच कळू द्या.