पाटी म्हणजे कुलूप नव्हे

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. हा सगळा धानाचा मुलूख. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर पुष्कळ ठिकाणी तूर लावतात. आता समजा, एखाद्या शेतकऱ्याने धुऱ्याच्या तोंडाशी 'येथून जाऊ नये' अशी पाटी रोवली. सभ्य वाटसरू पाटी वाचून वळसा घालून जाईल. गुरे पाटी वाचत नाहीत. आणि ज्याला तूर तोडूनच न्यायची आहे, त्याला ती पाटी आयतीच वाट दाखवील! गुरांना आणि चोराला अडवायचे तर कुंपणच घालावे लागते.

पाटी आणि कुंपण यांतला हा फरक आपल्याला सहज कळतो. पण संगणकाच्या जगात गेलो की आपण नेमका तोच विसरतो. तेथे या विसराची किंमत मुलांना मोजावी लागू शकते. ती कशी, ते पाहू.

समजा, कोंढ्याच्या एका शाळेने स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शाळेची माहिती घातली, विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे घातली. शिष्यवृत्तीची यादीही एका फोल्डरमध्ये ठेवली. मुख्याध्यापकांना ती घरून पाहता यावी, एवढाच हेतू. यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. मुखपृष्ठावर तिची लिंक दिलेली नाही. मग ही यादी सुरक्षित आहे का?

मागेल त्याला मिळेल

संकेतस्थळ ज्या संगणकावर असते त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरचे काम अगदी साधे आहे. कोणी पत्ता सांगून फाईल मागितली की ती द्यायची. फाईल दिली तर तो २०० हा संकेत पाठवतो; सापडली नाही तर ४०४. मागणारा कोण, त्याचा हेतू काय, हे तो आपण सांगितल्याशिवाय विचारत नाही. एवढेच नव्हे, तर काही सर्व्हरना नुसत्या फोल्डरचा पत्ता दिला तर ते आतल्या सगळ्या फायलींची यादीच समोर ठेवतात. म्हणजे लिंक न देणे हा लपवण्याचा उपाय नव्हे. फार तर ती फाईल सापडायला थोडा वेळ लागेल.

आणि मागणारी सगळी माणसेच असतात असेही नाही.

न थकणारे वाटसरू

गूगलसारखी शोधयंत्रे आपण प्रश्न विचारल्यावर जगभर शोधायला निघत नाहीत. त्यांचे 'क्रॉलर' नावाचे प्रोग्राम आधीच फिरून आलेले असतात. क्रॉलर एक पान वाचतो, त्यातल्या लिंका टिपतो, त्या पानांवर जातो, तेथल्या लिंका टिपतो. असे रात्रंदिवस चालू असते. वाचलेल्या पानांची सूची तयार होते आणि आपल्याला उत्तर मिळते ते या सूचीतून.

१९९३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मॅथ्यू ग्रे यांनी महाजालाचा आकार मोजण्यासाठी असा एक प्रोग्राम सोडला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला सहाशेच्या वर संकेतस्थळे सापडली. तेव्हाचे सर्व्हर आणि तारा दोन्ही दुबळे होते. असे प्रोग्राम वाढले तसे ते भराभर फायली मागू लागले, तीच ती पाने पुन्हा पुन्हा उचलू लागले. सर्व्हर गुदमरू लागले.

यावर १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी एक तोडगा सुचवला. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी फाईल ठेवावी. क्रॉलरने आधी ती वाचावी आणि मगच पुढे जावे. क्रॉलर चालवणाऱ्यांनी हे आपसात मान्य केले. जवळजवळ तीन दशके हा नुसता शिष्टाचार म्हणून चालला. सप्टेंबर २०२२ मध्ये इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सने क्रमांक ९३०९ च्या दस्तऐवजात त्याला प्रमाणित रूप दिले.

पाटीवर काय लिहितात?

फाईल इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागते. येथे फक्त उच्चार देत आहोत.

युजर-एजंट: *
डिसअलाऊ: /यादी/

पहिली ओळ सांगते की ही सूचना कोणासाठी आहे. फुलीसारख्या तारकेचा अर्थ 'सर्वांसाठी'. तिच्या जागी एखाद्या क्रॉलरचे नाव लिहिले तर सूचना त्याच्यापुरतीच. दुसरी ओळ म्हणते, 'यादी' या फोल्डरमध्ये येऊ नये. एकाच पानाचे दहा अवतार, अर्धवट राहिलेली पाने, शोधाची पाने यांत क्रॉलरचा आणि सर्व्हरचा वेळ वाया जाऊ नये, यासाठी ही सोय उत्तम आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या क्रॉलरना 'आमचे लेखन घेऊ नका' असे सांगायलाही तिचा उपयोग करतात.

पण आपली शिष्यवृत्तीची यादी तिने लपेल का? नाही. याची कारणे तीन.

एक, सूचना पाळणे क्रॉलरच्या मर्जीवर आहे. प्रमाणित दस्तऐवजातही स्पष्ट म्हटले आहे की हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना देण्या-नाकारण्याची व्यवस्था नव्हे.

दोन, ही फाईल कोणालाही वाचता येते. 'यादी या फोल्डरमध्ये येऊ नका' असे लिहिले की असा फोल्डर आहे हे आपण जगाला सांगितलेच. धुऱ्यावरच्या तुरीसारखे!

तीन, आत न जाताही पत्ता सूचीत येऊ शकतो. दुसऱ्या कोणी त्या फाईलची लिंक दिली असेल, तर शोधयंत्र मजकूर न वाचता नुसता पत्ता दाखवू शकते. यातली गंमत पाहा. 'हे पान सूचीत घेऊ नका' अशी वेगळी सूचना पानाच्या आत लिहिता येते. पण पानावर यायलाच बंदी केली, तर ती सूचना क्रॉलरला दिसणार कशी? पान सूचीबाहेर ठेवायचे असेल तर क्रॉलरला ते वाचू द्यावे लागते.

मग कुलूप कोणते?

कुलूप सर्व्हरवर लावायचे असते. ओळख पटवायला सांगताना सर्व्हर ४०१ हा संकेत देतो. प्रवेश नाकारताना ४०३. हे नियम माणूस आणि क्रॉलर दोघांनाही सारखेच लागू असतात. फोल्डरची यादी दाखवणे बंद करावे. खाजगी फाईल पासवर्डमागे ठेवावी आणि पासवर्ड 'एचटीटीपीएस'च्या पत्त्यावरच द्यावा, नाहीतर तो वाटेत वाचता येतो. आणखी एक चूक नेहमी होते. पत्त्यात शेवटी १०१ असताना रमेशचे गुणपत्रक दिसते. १०२ लिहिले की सुरेशचे दिसते! म्हणून आत आलेल्याची ओळख पटली, एवढ्याने भागत नाही. ही विशिष्ट फाईल पाहण्याचा त्याला अधिकार आहे का, हेही दर वेळी तपासावे लागते. सर्वांत पक्का उपाय मात्र साधा आहे. जे जगाला दाखवायचे नाही ते संकेतस्थळावर ठेवूच नये.

ही भीती काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने चार शासकीय संकेतस्थळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड झाले असावेत, असा तिचा अंदाज होता. कुलूप फोडावे लागले नव्हते. माहिती उघड्यावरच होती. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेची ९० हजारांहून अधिक प्रवेशपत्रे एका टेलिग्राम चॅनलवर झळकली. बाह्य लिंकद्वारे दिलेली ही प्रवेशपत्रे होती. आयोगाला ती सोय बंद करावी लागली.

मुलांच्या बाबतीत जबाबदारी अधिक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती हाताळण्यास पालकांची संमती लागते, असा या कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. शिवाय एकदा दुसऱ्याने प्रत काढून घेतली की आपण मूळ फाईल पुसली तरी ती प्रत राहतेच.

वर्गात करून पाहा

एखाद्या परिचित संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' इंग्रजीत लिहा. बहुधा पाटी दिसेल. कोणाला कोठे मनाई आहे आणि ती का असावी, यावर मुलांना बोलते करा. पाटीवर लिहिलेली दारे ढकलून मात्र पाहू नका. आपण सभ्य वाटसरू आहोत. नंतर शिक्षकांनी आणखी एक गोष्ट करावी. ज्या फोनवरून शाळेच्या संकेतस्थळावर कधी लॉगिन केलेले नाही, असा फोन घ्यावा आणि त्यावर शाळेच्या यादीचा पत्ता टाकून पाहावा. यादी उघडली, तर आपण आजवर पाटीवरच विसंबून होतो असे समजावे आणि ती यादी त्याच दिवशी काढावी.